बाबांच्या नाकाची गोळी

एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं औषधांचं दुकान आहे. दिवसातून एकदा तरी तिथे माझं कुणाशी ना कुणाशी वाजतं, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. पुळ्याहून गणपतीचं दर्शन घेऊन आलेली एखादी गाडी दारात थांबते. समुद्रात डुंबून डुंबून नाक गच्च झालेला गृहस्थ उतरतो आणि सर्दीच्या एका गोळीचं नाव घेऊन म्हणतो, "दोन पाकिटं द्या." मी विचारते, "डॉक्टरांची चिठ्ठी?" त्यावर तो असा बघतो, की जणू मी त्याच्याकडे सातबाराच मागितला. साध्या सर्दीला चिठ्ठी? हो, साध्या सर्दीला चिठ्ठी. शिवाय माझ्या वहीत त्याचं नाव, पत्ता, डॉक्टर कोण, गोळ्या किती दिल्या, सगळं लिहायचं.

का, ते मी आता पाठ झाल्यासारखं सांगते. त्या गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, तेच वापरून काही लोक नशेचा माल तयार करतात. या दुकानातून थोड्या, त्या दुकानातून थोड्या, अशा गोळ्या गोळा करून पोती भरतात, असं आम्हाला औषधवाल्यांच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी नियम पाळते. कुरकुरत पाळते, पण पाळते. ज्याचं पोर त्या नशेपायी वाया गेलं असेल, त्याच्यासमोर उभं राहून नियम चुकीचा आहे म्हणायची माझी हिंमत नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. त्या वहीत अर्ध्या रत्नागिरीची नाकं लिहिलेली आहेत आणि माझ्या बाबांचं नाव एकदाही नाही. नियम नव्हता तेव्हा मी त्यांना न लिहिताच गोळ्या देत होते. नियम आला आणि मी त्यांना गोळी दिलीच नाही.

बाबांची हापूसची बाग जयगडच्या रस्त्याला, आमच्या गावच्या कातळावर. आता ती माझा भाऊ बघतो, तेव्हाही फवारणी, राखणीचे नेपाळी, ट्रान्सपोर्ट, फोन हे सगळं तोच बघायचा. बाबांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं होतं, अढीचं. झाडावरून उतरवलेला आंबा पडवीत भाताच्या पेंढ्यावर थराथराने मांडायचा, वर पुन्हा पेंढा घालायचा आणि तो आपल्या गतीने पिकू द्यायचा, ही आमची अढी. मांडायला कुणीही मांडेल. पण कुठल्या थरातला कुठला आंबा कधी तयार होणार, हे कळायला नाक लागतं, आणि पंचक्रोशीत बाबांच्या नाकाला तोड नव्हती.

ते आंबा कधी दाबून बघायचे नाहीत. दाबणाऱ्याच्या हातावर फटका मारायचे. आंबा उचलायचा, देठ नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, एक श्वास, की झालं. मग तो आंबा या पेटीत किंवा त्या पेटीत जायचा. पेटी भरली की खिशातली निळी पेन्सिल काढून ते पेटीवर वार लिहायचे. वरचा थर, बुधवार. खालचा थर, शनिवार. पुण्या-मुंबईची आमची जुनी गिऱ्हाइकं त्या वाराची वाट बघायची. एक बाई तर शनिवार लिहिलेला असेल तर शुक्रवारी रात्री पाहुणे आले तरी आंबा कापायच्या नाहीत. "तुमच्या वडलांनी शनिवार लिहिलाय हो," असं त्या मलाच फोनवर ऐकवायच्या.

आता या नाकाची गंमत अशी, की मोहोर आला की ते बंद पडायचं. ज्या झाडावर जगायचं, त्याच्याच मोहोराने शिंका. वर अढीतल्या पेंढ्याची धूळ होतीच. जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत बाबा गेंगाण्या आवाजात बोलायचे, आणि नेमका हाच त्यांच्या नाकाचा हंगाम. गावातल्या जुन्या डॉक्टरांनी त्यांना कधीकाळी ती पिवळी गोळी दिली. अढीकडे जायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायची, वर पेलाभर गरम पाणी, आणि नाक दुपारपर्यंत मोकळं. मी औषधांचं शिक्षण घेऊन दुकान टाकलं, तेव्हा बाबांनी सगळ्या गावाला कौतुकाने सांगितलं, "आता माझ्या नाकाची सोय घरातच झाली."

आणि मी ती सोय केली. दर हंगामाला मी पाकिटं घेऊन गावी जायची. पुढे बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं. या गोळीने ते आणखी चढतं, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजायची, आकडा बघून गप्प बसायची आणि तरी पाकीट काढून द्यायची. दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगायची. आंब्याचा वास घेतानाचा त्यांचा चेहरा मला बघायचा असायचा, हे त्यातलं खरं कारण.

मग ती बैठक झाली आणि वही आली. गंमत म्हणजे मला मनातून थोडं हायसंच वाटलं. आजवर जे मला तोंडाने म्हणवत नव्हतं, ते सरकारने म्हटलं. बाबांना मी म्हटलं, "चिठ्ठी आणा, देते." ते आमच्या नव्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं आणि चिठ्ठी द्यायला साफ नकार दिला. नाकात मारायचा एक फवारा दिला. बाबांनी तो एकदाच मारला, शिंकून शिंकून बेजार झाले आणि बाटली दाढीच्या सामानात ठेवून दिली.

त्यानंतर मी जे केलं, त्याची मला अजून लाज वाटते. त्याच कंपनीची, तशाच पिवळ्या रंगाची नवी गोळी बाजारात आली होती. आतलं औषध बदललेलं. चिठ्ठी नको, वही नको, आणि बाबांच्या नाकाला तिचा उपयोगही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिचं पाकीट मी त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "मिळाल्या बघा." बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "काय गो बायो, ह्या गोळ्या कसल्या आणल्यास? खडू गिळला काय नि ही गिळली काय, सारखाच."

मी म्हटलं, "त्याच आहेत बाबा. वय झालं आता नाकाचं."

हे वाक्य मी बोलले. माझ्याच तोंडाने. बाबांनी फोन ठेवला.

चार दिवसांनी सोमवारी, स्टँडवरच्या बाजारामुळे दुकानात गर्दी असताना, अकराच्या सुमाराला मी मान खाली घालून "पुढचं कोण?" म्हटलं, तर उत्तर आलं, "मी." वर बघितलं तर बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, खिशात निळी पेन्सिल. सकाळच्या गाडीने एकटेच आले होते आणि चार माणसांच्या मागे रीतसर उभे राहिले होते. त्यांनी खिशातून जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, शेजारी नव्याचं ठेवलं आणि दोन्हीची बारीक अक्षरं माझ्यासमोर सरकवली.

"ही नि ही एक नाय. जुनी हवी. दहा द्या."

"बाबा, घरी बोलू ना," मी हळूच म्हटलं.

"घरी तू खोटं बोलतेस. म्हणून दुकानात आलो. इथे तू दुकानदार, मी गिऱ्हाईक."

"चिठ्ठी लागते."

"म्हणजे? मी काय ह्या वयात नशेचा कारखाना काढणाराय?"

मागची माणसं हसली. बाबांना लोकांना हसवायला आवडायचं, एरवी मीही हसले असते. पण चोरी पकडली गेलेली मी, माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा. चिठ्ठी असेल तर बोला, नसेल तर पुढच्याला येऊ द्या."

बाबांनी दोन्ही पाकिटं उचलली, नीट घडी करून खिशात घातली. "बरं हो बाई," म्हणाले, "चुकलं." जन्मात त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. अगो, बायो, फार चिडले तर गाढवे. मी काउंटरच्या बाहेर येईपर्यंत ते रस्त्यापलीकडे गेले होते. जेवायला घरी या म्हणायचंही राहिलं. आणि मी सांगते, त्या वेळी माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये त्या जुन्या गोळ्यांचं एक पाकीट होतं. वही सुरू व्हायच्या आधी बाबांसाठीच बाजूला काढून ठेवलेलं. मी ते दिलं नाही. द्यायला नको होतं, हे मला माहीत होतं, आजही माहीत आहे. पण बरोबर वागल्याचं समाधान काही मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

तो हंगाम बाबांनी नाकाशिवाय काढला. निर्गुडीच्या पाल्याची वाफ घेतली, ओवा फडक्यात बांधून हुंगला, सगळं करून झालं. मग जुन्या अंदाजाने, रंग बघून, दिवस मोजून त्यांनी वार लिहिले. पहिल्या दोन खेपा निभावल्या. तिसऱ्या खेपेला, ज्या बाई शुक्रवारी पाहुणे आले तरी थांबायच्या, त्यांनी बाबांनी लिहिलेल्या वारी पेटी उघडली आणि अर्धी पेटी जास्त पिकून उतरून गेलेली निघाली. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांनी बाबांना काही म्हटलं नाही. माझ्या भावाला फोन केला आणि म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं, वाईट वाटेल." मग आणखी एक फोन आला, मग आणखी एक. सगळेच म्हणाले, त्यांना सांगू नका. बाबांना न सांगताच कळलं. एवढी वर्षं त्यांच्यासमोर बसून घ्यायचे फोन आता भाऊ पडवीच्या बाहेर जाऊन घेत होता.

भाऊ वाईट नाही. तो त्यांना एवढंच म्हणाला, "बाबा, पुढच्या पेट्यांवर वार नको लिहूया. पिकला की खा म्हणून सांगतो लोकांना. आणि पुढल्या वर्षी चेंबर बघतो. सगळा माल एकदम पिकतो त्यात."

बाबा "हां" म्हणाले. पेन्सिल खिशातच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ते पडवीऐवजी ओट्यावर पेपर घेऊन बसायला लागले. तोच पेपर सकाळी, तोच संध्याकाळी. भावाने मला हे फोनवर सांगितलं. आई गेल्यानंतरसुद्धा बाबा तिसऱ्या दिवशी अढीत शिरले होते.

त्या रविवारी दुकान बंद ठेवून मी गावी गेले. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. मी पडवीत गेले, पेंढा बाजूला सारला आणि एक आंबा उचलून ओट्यावर आणला. "बाबा, हा कधी होईल?"

"मला काय विचारतेस? नाक संपलंय माझं. तूच म्हणालीस ना?"

"माझं आहे ना," मी म्हटलं. "मी वास घेते, तुम्ही सांगा."

त्यांनी पेपरच्या वरून माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "देठ वर कर. असा नाय, नाकाशी धर. तोंड मीट. आता सांग, कसला वास?"

मला सांगता येईना. वास येत होता, शब्द येत नव्हता. आंब्यासारखा, म्हटलं तर ते ओरडले, "आंब्याला आंब्याचाच येणार गाढवे, आणि काय तंबाखूचा येणार?" ते गाढवे ऐकून मला रडूच आलं, पण मी वास घेत राहिले. शेवटी जे सुचलं ते बोलले. "बंडलातल्या कोऱ्या कापसासारखा."

"म्हणजे कच्चा. ठेव खाली. दुसरा आण."

"हा... लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखा. गोडसर."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "किती गोड? झाकण उघडल्यासारखा की चमच्यात ओतल्यासारखा?"

"झाकण उघडल्यासारखा."

"तीन दिवस," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोटं मोजून म्हणाले, "बुधवार."

त्या दिवशी दुपारपर्यंत आमची एक नवीच भाषा तयार झाली. कोरा कापूस म्हणजे कच्चा. खोकल्याचं औषध चमच्यात ओतल्यासारखं आलं, की उद्या. ग्लुकोजच्या पावडरीसारखा थंड गोड वास आला, की आज, आत्ता. आणि इंजेक्शनच्या आधी हाताला लावतात त्या स्पिरिटचा वास आला, की बाहेर कितीही पिवळाधम्मक असला तरी आंबा उतरला, काढ बाजूला. मी वास घेऊन माझ्या दुकानातलं नाव सांगायची, बाबा त्याचा वार करायचे आणि पेन्सिल चालायची. भाऊ चहा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. चेंबरचं नाव त्याने नंतर बाबांसमोर काढलं नाही.

तो उरलेला हंगाम आणि पुढचा पूर्ण हंगाम, माझे सगळे रविवार त्या पडवीत गेले. लग्न होऊन घराबाहेर पडल्यापासून मी बाबांजवळ एवढा वेळ कधी बसले नव्हते. गोळीबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. दुकानातल्या त्या सोमवारबद्दलही नाही. मला माफी मागायची होती. कशाची मागायची, गोळी न दिल्याची की खोटी गोळी दिल्याची की लोकांसमोर बोलल्याची, हे ठरवण्यातच रविवार संपायचे. फक्त कधीकधी मी एखादा तयार आंबा नाकाशी धरून नुसती बसायची, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "बराय?" मी मान हलवायची. भुकेल्या माणसाने दुसऱ्याला जेवताना बघावं, तसे ते बघायचे.

दुसऱ्या हंगामानंतरच्या पावसाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, ती गोळी चालू असती तर हे शेवटचे दोन हंगामही मिळाले नसते. माझ्या समाधानासाठी म्हणाले की खरंच, ते मी विचारलं नाही. ते दोन हंगाम मी मोजून घेतले आहेत.

आता भावाने चेंबर केलंय. तरी थोडी अढी तो माझ्यासाठी लावतो आणि मी रविवारी जाते. आंबा देठाशी धरते. "चमच्यात ओतल्यासारखा," असं मोठ्याने म्हणते आणि थांबते. समोर ओटा असतो. वार सांगायला कुणी नसतं. मला बोटं मोजता येतात, वार कळतोही आता. पण मला तो स्वतः काढायचा नाहीये. मला कुणीतरी "किती गोड?" म्हणून विचारायला हवंय. एखाद्या रविवारी हे इतकं हवंसं वाटतं, की मी आंबा तसाच पेंढ्यात ठेवून परतीची गाडी पकडते.

त्या शेवटच्या हंगामाचा शेवटचा रविवार मात्र सांगायला हवा. आभाळ भरून आलेलं, म्हणून झाडावर उरलेला आंबा घाईने उतरवून घेतलेला. तो धड तयारही नव्हता. पडवी जवळजवळ रिकामी. मी पेंढा गोळा करत होते, आणि बाबांनी आपण होऊन त्यातला एक आंबा उचलला. देठ नाकाशी धरला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडले आणि म्हणाले, "आला गो."

"काय?"

"वास. आला. गोळीबिळी काय नको, आपसूक आला बघ." त्यांनी तो आंबा वर्तमानपत्रात गुंडाळला, पेन्सिलने त्यावर बुधवार लिहिला आणि माझ्या पिशवीत घातला. "आता मनाला लावून घेऊ नकोस तू. झालं ते झालं."

एसटीत बसल्यावर मी कागद थोडा उघडला आणि वास घेतला. कोरा कापूस. दुसरं काही नाही.

बुधवारी तो मी कापला. आत पांढरा, कोयीपर्यंत आंबट, दात आंबतील असा. मी ताटलीत घेऊन बसले आणि सगळा खाल्ला, कोयसुद्धा चोखली. संध्याकाळी दुकानात गर्दी असताना बाबांचा फोन आला. "काय गो बायो, कसा निघाला?"

"वार अगदी बरोबर होता, बाबा," मी म्हटलं.